न्यायासनाची पहिली पायरी

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्या समाजाने फारच मनावर घेतलेली दिसते. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना पुढे काय होणार असे विचारले, तर डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, फौजदार अशी उत्तरे मिळतात. बँकेत लागायचे आहे असे सांगणारेही भेटतात. परंतु "मला न्यायाधीश व्हायचे आहे" असे म्हणणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. याचे कारण उघड आहे. न्यायालय आपण आजवर पिंजऱ्याच्या बाजूने पाहिले. फिर्यादी म्हणून, आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून आपण तेथे गेलो. समोरच्या उंच आसनावर बसलेला माणूस तेथपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, याची चौकशी आपण केली नाही.

बँकेच्या नोकरीत खात्यांचे उतारे घेऊन साक्षीसाठी तालुक्याच्या न्यायालयात जाण्याचा प्रसंग माझ्यावर दोन-चार वेळा आला. पुकारा होईपर्यंत मागच्या बाकावर दिवस काढावा लागे. तेथे बसून जे पाहिले, त्यातून या विषयाची गोडी लागली आणि वाचन सुरू झाले. आपल्या संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा अभ्यासलेख लिहीत आहे.

महाडचा दावा काय शिकवतो?

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. पण या दोन तारखांच्या मध्ये आणि नंतर एक खटला चालला, त्याचा अभ्यास आपण फारसा करीत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्ण मंडळींनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध स्थानिक दिवाणी न्यायालयात दावा लावला. चवदार तळे ही आपली खाजगी मालमत्ता असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची जुनी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेसाठी हजारो माणसे महाडला जमली होती. पण बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनी तो हुकूम पाळायचे ठरविले. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले आणि पाणी न घेता परतले. तालुक्याच्या एका न्यायाधीशाच्या सहीच्या कागदाचे वजन किती असते, ते येथे दिसते.

फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. मूळ दावा मात्र पुढे चालू राहिला. दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासले गेले, नगरपालिकेचे दप्तर पुराव्यात आले. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. सवर्ण लोक तळे वापरीत आणि अस्पृश्य वापरीत नसत, हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले व दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क मिळत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ मध्ये अपील फेटाळले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुसरे अपीलही फेटाळले आणि विजय पक्का झाला.

या निकालातील एक न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. हेच गृहस्थ १९२२ साली अहमदाबादचे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते आणि त्यांच्याच समोर महात्मा गांधींवरील राजद्रोहाचा खटला चालला होता. म्हणजे खालच्या न्यायालयात साक्षीपुरावा ऐकून तयार झालेला माणूस पुढे उच्च न्यायालयात बसला.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय साधारणपणे साक्षीदार पुन्हा तपासत नाही. खाली जे दप्तरी आले, त्यावरच वर विचार होतो. साक्षीदार बोलताना अडखळला का, कोणाकडे पाहून बोलला, हे फक्त खालचा न्यायाधीश पाहतो. म्हणून 'खालचे कोर्ट' या शब्दाने फसू नये. घराला पाया खालीच असतो.

संविधानातील तरतूद

संविधानात दुय्यम न्यायालयांसाठी २३३ ते २३७ ही कलमे आहेत. सप्टेंबर १९४९ मध्ये ती संविधान सभेपुढे बाबासाहेबांनी मांडली. जिल्हा न्यायाधीश आणि त्याखालील न्यायाधीश यांच्या नेमणुकीची रीत ठरविणे व या न्यायाधीशांना उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणणे, हे त्यांचे हेतू होते.

कलम २३४ नुसार खालच्या स्तरावरील न्यायाधीशांची भरती लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांप्रमाणे होते. कलम २३५ ने बदली, बढती, रजा यांचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले. तालुक्याच्या न्यायाधीशाची बदली आमदार-मंत्री करू शकत नाही, ती या कलमामुळे. कलम ५० म्हणते की न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करावी. मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदा केला. त्यापूर्वी मामलेदार-प्रांत हेच पुष्कळ ठिकाणी दंडाधिकारीही असत. ज्याने महसूल वसूल करायचा त्यानेच शिक्षा द्यायची, ही जुनी पद्धत आपल्या आजोबांनी सोसलेली आहे.

पहिली पायरी : परीक्षा

महाराष्ट्रात न्यायिक सेवेची सुरुवात 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग' या पदापासून होते. यासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेत आला आहे. १०० गुणांची पूर्वपरीक्षा, २०० गुणांची मुख्य परीक्षा आणि ५० गुणांची मुलाखत अशी तिची रचना राहिली आहे. मुख्य परीक्षेत एक पेपर दिवाणी कायद्यांचा व एक फौजदारी कायद्यांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे नवे कायदे लागू झाले आहेत; जुनी पुस्तके घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ हेही अभ्यासात असतात.

उमेदवाराला मराठी उत्तम लिहिता-बोलता यावी, तसेच मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत भाषांतर करता यावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी म्हणूनच न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार आपलीच भाषा बोलतो. इंग्रजी मात्र रोज थोडे वाचून पक्के करावे. निवाडे वाचल्याशिवाय कायदा कळत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या भरतीत अनुसूचित जातींसाठी आरक्षण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि धर्मांतरित बौद्धांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांना आरक्षण नाही आणि परीक्षाही नाही. म्हणजे गरिबाच्या मुलाला स्वतःच्या अभ्यासावर उघडता येईल असे न्यायसंस्थेचे दार खालच्या पायरीवरच आहे. जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे. अभ्यास झालेला असतो आणि कागदासाठी संधी जाते, असे होऊ नये.

तीन वर्षांची अट

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. कायद्याची पदवी बारावीनंतर पाच वर्षांत किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांत मिळते. त्यानंतर परीक्षेला बसण्यापूर्वी वकिली केलेली असावी की नसावी, यावर तीन वेळा निर्णय झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. २००२ साली, हुशार तरुण मिळावेत म्हणून, ती काढली. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट पुन्हा घातली. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई होते. १४ मे २०२५ रोजी शपथ घेऊन ते या पदावरील पहिले बौद्ध ठरले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले.

या निकालानुसार तीन वर्षे ही तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो व त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची साक्षांकित नोंद असावी लागते. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही अनुभवात धरले जाते. निवड झाल्यावर न्यायासनावर बसण्यापूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्रात उत्तन येथे न्यायिक अकादमी आहे. अटींचा नेमका तपशील प्रत्येक जाहिरातीतून वाचून घ्यावा.

अटीमागचा विचार मला पटतो. ज्याने कधी कैफियत लिहिली नाही, जामिनासाठी धावपळ केली नाही, उलटतपासणीत घाबरलेला साक्षीदार पाहिला नाही, तो पंचविसाव्या वर्षी एकदम न्यायासनावर बसला तर पुस्तकातला कायदा त्याला पुरणार नाही. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्युनिअर वकिलाला सुरुवातीच्या काळात पुष्कळदा प्रवासखर्चापुरतेही पैसे मिळत नाहीत. ज्याच्या घरात वकिलीची परंपरा आहे, त्याची तीन वर्षे वडिलांच्या कचेरीत जातात. सफाई कामगाराच्या, रिक्षाचालकाच्या, शेतमजुराच्या मुलाने ही तीन वर्षे कशावर काढायची? आणि मुलगी असेल तर "शिक्षण झाले, आता लग्न करू" म्हणून तिची वाट तेथेच बंद होते. अट सर्वांना सारखी असली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

एक दिलासा आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विधिज्ञ परिषदांना नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त घेता येणार नाही. हे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. सनद काढताना ही माहिती जवळ असावी.

कामाचे स्वरूप

कनिष्ठ स्तराचा न्यायाधीश सकाळी दिवाणी व दुपारी फौजदारी अशी दोन्ही कामे पाहू शकतो. भाऊबंदकीचे वाटप, घरभाडे, बांधाचे भांडण हे त्याच्यासमोर येते. चेक न वटल्याचे खटले तर ढिगाने असतात. पोटगीसाठी आलेली बाई कडेवर मूल घेऊन उभी असते. पोलिसांनी अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. त्याला मारहाण झाली का, हे विचारणारा पहिला अधिकारी हाच. तो तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतो. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीश कायद्यातील कोणतीही शिक्षा देऊ शकतो, फाशीला मात्र उच्च न्यायालयाची मान्यता लागते.

पगाराचा आकडाही सांगतो, कारण घरची माणसे पहिल्यांदा तोच विचारतात. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाने सुरुवातीचे मूळ वेतन कनिष्ठ स्तराला ७७,८४० रुपये, वरिष्ठ स्तराला १,११,००० रुपये व जिल्हा न्यायाधीशाला १,४४,८४० रुपये सुचविले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते मान्य केले. भत्ते वेगळे. पण त्याबरोबर थोड्या थोड्या वर्षांनी बदली, रात्री जागून निकालपत्र लिहिणे आणि समाजापासून थोडे दूर राहणे हेही येते.

पुढील पायऱ्या

कनिष्ठ स्तरानंतर वरिष्ठ स्तर आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशाच्या जागा तीन मार्गांनी भरतात. २०२५ च्या निकालाप्रमाणे ५० टक्के गुणवत्ता व ज्येष्ठता पाहून बढतीने, २५ टक्के सेवेतील न्यायाधीशांच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेने आणि २५ टक्के थेट भरतीने. थेट भरती पूर्वी सात वर्षे वकिली झालेल्यांसाठीच मानली जाई. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी घटनापीठाने ठरविले की वकिली व न्यायिक सेवा मिळून सात वर्षे झालेला न्यायाधीशही तेथे अर्ज करू शकतो. किमान वय ३५ वर्षे. लहान वयात सेवेत आलेल्या मेहनती न्यायाधीशाला यामुळे दोन परीक्षांच्या वाटा मोकळ्या झाल्या.

पुढे उच्च न्यायालय. कलम २१७ प्रमाणे दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेली व्यक्ती किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली व्यक्ती तेथे पात्र ठरते. न्या. गवई दुसऱ्या वाटेने गेले. पहिली वाट लांब आहे, पण ती तालुक्यातून निघते.

आपल्यासाठी हे का महत्त्वाचे?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटले सत्र न्यायालयाच्या पातळीवर विशेष न्यायालयात चालतात. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, शक्यतो आरोपपत्रापासून दोन महिन्यांत खटला पुरा करावा असे म्हटले. कायदा चांगला आहे. तो चालविणारा माणूस चांगला तयार झालेला हवा.

२९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आपण विसरू शकत नाही. एका बौद्ध कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ आरोपींना दोषी धरले, सहांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला नाही असा निष्कर्ष काढला. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. जातीच्या मुद्द्यावरचा तो निष्कर्ष मात्र बदलला नाही. आपली मने दुखावली, मोर्चे निघाले. तरी शांतपणे विचार केला तर काय दिसते? पंचनामा, तपास, दोषारोप, साक्ष, सरकारी वकिलाचे प्रश्न आणि न्यायाधीशाचे आकलन, या सर्व जागा खालच्या न्यायालयात भरल्या जातात. तेथे राहिलेली उणीव वर जाऊन भरून निघणे कठीण असते. या सर्व जागांवर गावगाड्याचे वास्तव जाणणारी, अभ्यासू माणसे हवीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आपला न्यायाधीश' म्हणजे आपल्या बाजूने निकाल देणारा न्यायाधीश नव्हे. तसे मानले तर आपण आणि महाडचे वादी यांच्यात फरक काय राहिला? धम्मपदातील एकोणिसावा वर्ग 'धम्मट्ठवग्ग' याच विषयाने सुरू होतो. घाईने निवाडा करणारा न्यायी नव्हे, खरे-खोटे दोन्ही तोलून समतेने निर्णय देणारा तो न्यायी, असा तेथील आशय आहे. लाच घेऊन निवाडा करणाऱ्या श्रावस्तीच्या अधिकाऱ्यांच्या निमित्ताने भगवंतांनी हा उपदेश केला, असे अट्ठकथा सांगते. सिगालोवाद सुत्तात माणूस चार कारणांनी वाकड्या वाटेला जातो असे सांगितले आहे : छंद म्हणजे आवड, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि भय. न्यायाधीशाने निकालपत्रावर सही करण्यापूर्वी हे चार प्रश्न स्वतःला विचारले तर दुसऱ्या आचारसंहितेची गरज क्वचितच पडेल. दर रविवारी विहारात बसून पंचशील घेणाऱ्या मुलाला ही शिकवण घरातच मिळते.

आपण काय करावे?

बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. वकील घडविणे हा चळवळीचाच भाग आहे, हे त्यांना माहीत होते. आपल्या संस्थेनेही आपल्या ऐपतीप्रमाणे एवढे करावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

१) विहाराच्या वाचनालयात नव्या तिन्ही फौजदारी संहिता व दिवाणी कायद्यांच्या ताज्या आवृत्त्यांचा एक संच ठेवावा.

२) दरवर्षी कायद्याचे निदान एका मुलाला आणि एका मुलीला, सनद मिळाल्यापासून तीन वर्षे, दरमहा ठराविक मदत द्यावी. दहावी-बारावीच्या गुणगौरवात आपण ट्रॉफ्या वाटतो. त्यातील काही रक्कम इकडे वळविता येईल. शंभर सभासदांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर पाच हजार होतात. हा हिशेब करायला बँकेतला माणूस लागत नाही.

३) समाजातील ज्येष्ठ वकिलांनी प्रत्येकी एका नवोदिताला आपल्या कचेरीत जागा द्यावी, काम शिकवावे आणि तीन वर्षांचा दाखला प्रामाणिकपणे द्यावा.

४) विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा जवळच्या न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसावे. सुनावणी सर्वसाधारणपणे सर्वांना खुली असते. शांत बसावे, वहीत टिपण करावे.

५) आणि उद्या आपला मुलगा वा मुलगी न्यायाधीश झाली, तर सत्काराची शाल एकदाच पांघरावी. त्यानंतर कोणाचीही चिठ्ठी, शिफारस किंवा ओळख घेऊन त्या दारात जाऊ नये. त्याला एकटे राहू देणे, हीच समाजाची त्याला खरी मदत.

१९२७ साली महाडच्या न्यायालयात आपण प्रतिवादी म्हणून उभे होतो. उंच आसनावर कोण बसावे हे ठरविण्याचा अधिकार तेव्हा आपल्या हाती नव्हता. आज त्या आसनाकडे जाणारी पायरी परीक्षेची आहे आणि तिच्या आधी तीन वर्षांचा चढ आहे. पायरी विद्यार्थ्याने चढायची आहे. चढावर त्याच्या पाठीला हात आपण लावायचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!